अंगणांतील मुळें

अंगणांत एखादें जुनें झाड असावें आणि उन्हाळ्याच्या दुपारीं त्याच्या सावलींत बाज टाकून पडावें, ही सुखाची कल्पना मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. परंतु तेंच झाड तीस-चाळीस वर्षांचें झालें म्हणजे बुंध्याभोंवतालची जमीन हळूहळू उंचावूं लागते, मनगटाएवढीं, पुढें मांडीएवढीं मुळें उघडीं पडतात, शहाबादी फरशीचा कोपरा उचलला जातो, मोरी तुंबते, आणि अंधारांत बाहेर निघालेल्या एखाद्या वृद्ध माणसाला ठेंच लागते. मग घरांत वाद सुरू होतो. कोणी म्हणतो, वर आलेलीं मुळें कुऱ्हाडीनें छाटून टाकावीं. कोणी म्हणतो, दोन गाड्या माती ओतून सर्व सपाट करावें. कोणी तर झाडच काढून टाकण्याची गोष्ट बोलूं लागतो. हे तिन्ही उपाय दिसावयास सोपे आहेत. आणि तिहींनींहि पुष्कळदां झाडाची व घराचीहि हानीच होते. मूळ वर कां दिसूं लागतें हें ज्याला नीट कळलें, त्याला यांपैकीं एकाहि उपायाची सहसा गरज पडत नाहीं.

झाडाच्या मुळांविषयीं एक समजूत सर्वत्र रूढ आहे. झाड जमिनीवर जितकें उंच, तितकेंच तें जमिनीखालीं खोल गेलेलें असतें, अशी ती समजूत होय. वस्तुस्थिति निराळी आहे. बीं रुजतांना निघणारें सोटमूळ कांहीं काळ सरळ खालीं जातें हें खरें. परंतु मोठ्या झाडाच्या मुळांचा बहुतेक विस्तार जमिनीच्या वरच्या दोन फुटांतच असतो, आणि अन्नपाणी शोषून घेणारीं केसांसारखीं बारीक मुळें तर बहुतांशीं वरच्या एका फुटांत सांपडतात. खोलीची ही उणीव झाड रुंदीनें भरून काढतें. त्याचीं मुळें फांद्यांच्या घेराबाहेर, कित्येकदां त्या घेराच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत पसरलेलीं असतात. 

याचें कारण हवा. मुळांना पाण्याइतकीच हवेचीहि गरज असते. तीं जिवंत असतात, श्वासोच्छ्वास करतात, आणि मातीच्या कणांमधील बारीक पोकळ्यांत जी हवा असते तिच्यावर तीं जगतात. जसजसें खोल जावें तसतशी ही हवा कमी होत जाते. माती दाबली गेली, चिखल होऊन बसली किंवा तिच्यावर सिमेंटचा थर पडला, म्हणजे ही खोलवरची हवा आणखीच तुटते, आणि नवीं मुळें पृष्ठभागालगतच्या थरांत आश्रय घेतात.

'मूळ वर येतें' हा शब्दप्रयोगहि थोडासा फसवा आहे. मूळ खालून वर चढत नाहीं. तें जेथें जन्मलें तेथेंच असतें आणि खोडाप्रमाणेंच वर्षानुवर्षें जाड होत जातें. बोटाएवढें असतांना जें मूळ दोन इंच मातीखालीं झांकलेलें होतें, तेंच मनगटाएवढें झालें म्हणजे त्याची पाठ उघडी पडते. त्यांत घरधनिणीच्या स्वच्छतेची भर पडते. अंगण रोज खराट्यानें झाडलें जातें, गळालेलें पान उचललें जातें, आणि त्या पानाबरोबर मातीचाहि एक पातळ थर दररोज निघून जातो. पावसाच्या धारा राहिलेलें काम करतात. वीस वर्षांच्या झाडलोटीनें अंगण चांगलें बोटभर खचतें, ही गोष्ट कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. मुळें मात्र वर आलीं असें वाटतें. म्हणून उघडें मूळ हा झाडाचा दोष समजूं नये. जमिनीला काय झालें आहे याची ती सूचना असते.

जमीन बदलली म्हणजे झाडाची वागणूक कशी बदलते, हें पाहावयास मराठवाड्यांतील तेर हें गांव फार सोयीचें आहे. धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं वसलेलें हें गांव संत गोरा कुंभार यांचें गांव म्हणून सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत 'तगर' नांवाच्या ज्या व्यापारी नगराचा उल्लेख येतो, तें नगर म्हणजे हेंच तेर, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादन केलें. १९५८ सालीं चापेकर यांनीं येथें उत्खनन केलें. आणि रामलिंगाप्पा लामतुरे यांनीं जमविलेल्या प्राचीन वस्तूंचा संग्रह आज येथील शासकीय वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतो. अर्थात् दोन हजार वर्षांची वस्ती एकाच जागीं, एकीवर एक अशी येथें बसलेली आहे.

मराठी शेतकरी गांवच्या जमिनीचे दोन भाग मानतो. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. तेर येथें या दोन्ही जमिनींचीं रूपें ठळकपणें दिसतात. पांढरी म्हणजे पडक्या भिंतींची माती, चुलींची राख, खापऱ्या, विटांचे तुकडे यांचा शतकानुशतकें सांचलेला थर. तिच्यांत जागोजाग पोकळ्या असतात, गाडलेल्या भिंती असतात. मूळ अशा जमिनींत एकसारखें पसरत नाहीं. जेथें ओल आणि पोकळी मिळेल तेथून तें धांवतें, आणि गाडलेली भिंत आडवी आली म्हणजे तिच्या कडेनें वळून भलत्याच ठिकाणीं डोकें काढतें. बुंध्यापासून वीस हात दूर असलेल्या न्हाणीघरांत मूळ कसें आलें याचें नवल अशा घरांत वाटूं नये.

काळीची गोष्ट याच्या उलट. ही चिकण माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून हातभर खोल भेगाळते. फुगलेल्या स्थितींत तिच्यांतील हवेच्या वाटा बंद होतात. भेगाळलेल्या स्थितींत बारीक मुळें तुटतात. त्यांतच दख्खनच्या पठारावर पुष्कळ ठिकाणीं मातीचा थर दोन-तीन फुटांचाच असून त्याखालीं मुरूम व काळा पाषाण लागतो. खोल जाण्यास वाव नाहीं आणि वरचा थर दर वर्षीं फुगतो-आकसतो, अशा कैचींत सांपडलेलें झाड आडवें पसरतें. एरवीं खोल मुळांचा म्हणून नांवाजलेला कडुनिंबहि अशा जागीं उघड्या मुळांचा होतो.

यावरून पहिली गोष्ट ध्यानांत येईल ती अशी, कीं उपाय योजण्यापूर्वीं गृहस्थानें झाडाकडे न पाहतां जमिनीकडे पाहावें. मोठ्या मुळांपासून दूर, फांद्यांच्या कडेखालीं, एक फूट लांब, एक फूट रुंद व तितकाच खोल खड्डा हातानें खणावा. माती कोणती, ती किती दाबली गेली आहे, खालीं मुरूम लागतो कीं विटांचे तुकडे, हें त्यांत दिसेल. मग खड्डा पाण्यानें भरावा. तें पाणी कांहीं तासांत मुरलें तर जमीन निरोगी समजावी. दुसऱ्या दिवशींहि तें उभें राहिलें, तर त्या झाडाचीं मुळें गुदमरत आहेत असें समजावें.

त्यानंतरचे उपाय साधे आहेत. बुंध्याभोंवतीं जमेल तितकें मोठें आळें मोकळें सोडावें आणि तेवढ्या जागेंत खराटा फिरवूं नये, वाहनें उभीं करूं नयेत. गळलेल्या पाल्याचा दोन-तीन इंचांचा थर त्या आळ्यांत पसरावा. या पाल्याखालीं ओल टिकते, गांडुळें येतात, माती भुसभुशीत होते, आणि उघडीं मुळें झांकलीं जाऊन ठेंच लागण्याचें भयहि कमी होतें. पाल्यामुळें वाळवी येईल ही गृहिणींची शंका अगदींच निराधार नाहीं. म्हणून हा थर खोडापासून वीतभर आणि घराच्या भिंतीपासून चांगला हातभर दूर ठेवावा.

मातीची भर घालावयाची असेल तर ती बेताची घालावी. कुजलेलें खत, वाळू व पोयट्याची माती यांचें मिश्रण एका वेळीं एक इंचापेक्षां जास्त नको. तें मुरल्यावर पुढच्या वर्षीं आणखी एक इंच. एकदम फूटभर माती ओतली असतां जुन्या मुळांची हवा तुटते. याचा परिणाम लगेच दिसत नाहीं, यांतच धोका आहे. दोन-चार वर्षांनीं शेंड्याकडील फांद्या वाळूं लागतात, पानें विरळ होतात, आणि तोंपर्यंत मातीच्या त्या दोन गाड्यांची आठवण कोणालाच राहिलेली नसते. खोड जेथें रुंद होऊन मुळांत विभागतें, तो भाग तर कधींहि मातीनें झांकूं नये.

पाण्याचीहि एक चुकीची रीत पुष्कळ घरांत असते. रोज सकाळीं बुंध्याशीं घागरभर पाणी ओतलें जातें. तें वरच्या दोन-चार इंचांतच राहतें आणि मुळांना तेथेंच गुंतवून ठेवतें. त्यापेक्षां उन्हाळ्यांत पंधरा दिवसांतून एकदां, फांद्यांच्या कडेखालीं गोल चर काढून, पाणी खोल मुरेपर्यंत सावकाश द्यावें. शोषून घेणारीं मुळें तेथेंच असतात, आणि ओल खालीं गेली म्हणजे नवीं मुळेंहि तिच्यामागून जातात.

फरशीचा प्रश्न राहिला. जेथें फरशी उचलली गेली आहे तेथें मूळ न कापतां फरशीच काढावी. त्या जागीं पाऊलवाट थोडी वळवून न्यावी, अथवा वाळूच्या थरावर दगड सुटे बसवून त्यांत बोटभर फटी ठेवाव्या. मूळ आणखी जाडलें तर दगड काढून पुन्हां बसवितां येतो. सिमेंटमध्यें बसविलेला फोडावा लागतो. शहरांत अलीकडे बुंध्यापर्यंत सिमेंटचे ठोकळे घट्ट बसविण्याची जी पद्धति पडली आहे, तिनें अंगण दोन वर्षें नेटकें दिसतें. पुढें ठोकळे उचलले जातात आणि झाडहि रोडावतें. मोरीच्या बाबतींतहि हाच न्याय लागूं आहे. अभंग नळ मुळें सहसा फोडीत नाहींत. सांधा आधींच पाझरत असला म्हणजे त्या ओलीच्या मागानें तीं आंत शिरतात. तेव्हां मुळांवर राग काढण्यापूर्वीं सांधा दुरुस्त करावा.

कधीं कधीं मात्र मूळ कापण्यावांचून गत्यंतर नसतें. अशा वेळीं अंतराचा एक नियम पाळावा. खोडाचा व्यास मोजावा. त्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आंतील जाड मुळाला कधींहि हात लावूं नये, कारण झाड ज्यांवर उभें असतें तींच हीं मुळें होत. सहा ते आठपट अंतराच्या बाहेर एखादें मूळ कापल्यास निरोगी झाड तें बहुधा सोसतें. म्हणजे खोड दीड फूट जाड असेल तर साडेचार फुटांच्या आंत मुळींच नाहीं, आणि शक्य तों नऊ-बारा फुटांच्या पलीकडेच. माती हातानें उकरून मूळ उघडें करावें आणि तें करवतीनें स्वच्छ कापावें. कुऱ्हाडीच्या घावानें तें चिरफळतें व कुजूं लागतें. एकाच वर्षीं दोन बाजूंचीं मुळें कापूं नयेत. वैशाखांतील वळवाच्या वादळापूर्वीं तर हें काम मुळींच काढूं नये. ज्या बाजूचा आधार गेला त्या बाजूनें वारा आला म्हणजे झाड आडवें होतें, आणि तें घरावर पडलें तर ठेंच लागण्याचा प्रश्न फारच क्षुल्लक वाटूं लागतो.

सबंध झाड काढून टाकणें हा शेवटचा उपाय. शहरी भागांत त्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वयें परवानगी घ्यावी लागते. परंतु कायद्याखेरीज आणखीहि एक विचार आहे. काळ्या जमिनींतील मोठें झाड रोज पुष्कळ पाणी उपसून पायाजवळची माती कोरडी ठेवीत असतें. तें एकाएकीं नाहींसें झालें म्हणजे तीच माती पाणी पिऊन फुगते, आणि झाड असतांना जी भिंत शाबूत होती ती झाड गेल्यावर तडकते. म्हणून असा निर्णय जाणत्या स्थापत्यविशारदाला विचारूनच करावा.

येथवर मुळाची बाजू मांडली. परंतु मूळ जेव्हां अंगण सोडून भिंतींत शिरतें, तेव्हां न्याय उलटा करावा लागतो. वड, पिंपळ, उंबर हीं एकाच कुळांतील झाडें. त्यांचीं फळें पक्षी खातात, आणि त्यांच्या विष्ठेंतून बारीक बीं भिंतीच्या फटींत, छपराच्या पन्हळीशीं अथवा आडाच्या कांठावर पडतें. एवढ्याशा धुळींत तें रुजतें. तेर येथील त्रिविक्रमाचें मंदिर विटांचें असून त्याचा मागचा भाग अर्धवर्तुळाकार आहे. कझिन्स यांनीं या शतकापूर्वींच्या शतकाच्या आरंभीं त्याची पाहणी करून तें मूळचें बौद्ध चैत्यगृह असावें असें मत दिलें. उत्तरेश्वराचें मंदिरहि विटांचेंच. येथील जुन्या विटांपैकीं कित्येक इतक्या हलक्या व सच्छिद्र आहेत कीं त्या पाण्यावर तरंगतात. अशी वीट ओल धरून ठेवते, आणि पिंपळाच्या रोपाला तेवढें पुरतें. दगड-मातीच्या जुन्या वाड्यांचीहि हीच स्थिति असते. सांध्यांतील माती म्हणजे त्या रोपाला तयार जमीनच होय.

आरंभीं तें रोप दोन पानांचें, निरुपद्रवी दिसतें. त्याचें मूळ सांध्यांतून आंत जातें, जाडतें, आणि दोन्ही बाजूंचे दगड इंचाइंचानें दूर सारतें. पुढें एक विलक्षण अवस्था येते. ज्या मुळानें भिंत फोडली तेंच तिला बांधून धरूं लागतें. कंबोडियांतील ता प्रोम येथील मंदिरांत हा प्रकार जगप्रसिद्ध आहे. तेथें प्रचंड झाडांचीं मुळें भिंतींवरून उतरलीं आहेत. झाड ठेवावें तर भिंत जाते, काढावें तरी भिंत जाते. भारताच्या पुरातत्त्व खात्यानें तेथील सरकारच्या सहकार्यानें या शतकाच्या आरंभापासून तेथें जें दुरुस्तीचें काम चालविलें, त्यांत याच पेचाशीं गांठ पडली. जें तेथें शतकांनीं घडलें तें एखाद्या वाड्याच्या भिंतींत वीस-पंचवीस वर्षांतहि घडूं शकतें. 

मराठवाड्याला अशा सैल झालेल्या भिंतींची किंमत ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व धाराशिव या जिल्ह्यांत हजारों माणसें दगावलीं, तीं बहुतांशीं दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदें अंगावर कोसळून. त्या भिंती मुळांनीं फोडल्या नव्हत्या. परंतु सांधा सुटलेली जड भिंत कशी पडते, हें त्या दिवशीं सर्वांनीं पाहिलें. म्हणून भिंतींतील रोपाच्या बाबतींत 'पाहूं पुढें' हें धोरण उपयोगाचें नाहीं.

कित्येक घरांतून पिंपळ अथवा औदुंबर उपटावयास मन धजत नाहीं, आणि ती भावना आदरणीय आहे. तिला मान देऊनहि घर राखतां येतें. श्रावण-भाद्रपदांत भिंत भिजून सांधे नरम झालेले असतात. त्या वेळीं वीतभर उंचीचें रोप मुळासकट अलगद निघतें. तें ओल्या फडक्यांत गुंडाळून नदीकांठीं, गायरानांत किंवा देवळाच्या मोकळ्या आवारांत लावावें. भिंतींत खुरटत राहण्यापेक्षां तें त्या झाडालाहि हितकर आहे. रोप मोठें झालें असेल आणि मूळ अंगठ्याहून जाड असेल, तर तें ओढून काढण्याचा प्रयत्न करूं नये; त्याबरोबर भिंतहि येईल. अशा वेळीं वरचा भाग कापून, गवंड्याकडून तेवढा भिंतीचा भाग टेकू देऊन उतरवावा, मूळ पूर्ण काढावें, आणि भिंत पुन्हां रचावी. सांध्यांत मीठ किंवा तेजाब ओतण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. तो मानूं नये. मीठ विटांच्या छिद्रांत मुरून वाळतांना स्फटिकरूप होतें आणि विटेचा पापुद्रा न् पापुद्रा सुटूं लागतो. तेजाब चुन्याला खातें. मूळ मेलें तरी भिंत त्याच्या आधीं मरते. संरक्षित मंदिरावर किंवा स्मारकावर रोप दिसल्यास मात्र कोणीहि स्वतः हात न घालतां पुरातत्त्व खात्यास कळवावें.

नवें झाड लावतांना थोडा विचार केला तर यांतील बहुतेक प्रसंग टळतात. वड, पिंपळ, उंबर यांना घरापासून व आडापासून निदान चाळीस फूट दूर जागा असेल तरच लावावें. चिंच, आंबा, कडुनिंब यांना पंचवीस-तीस फूट तरी सोडावें. लहान अंगणाला सीताफळ, डाळिंब, पारिजातक, कढीलिंब, कागदी लिंबू अशीं बेताच्या वाढीचीं झाडें शोभतात. खड्डा खोल खणण्यापेक्षां रुंद खणावा आणि भोंवतालची माती मोकळी करावी. पिशवींत वाढलेल्या रोपाचीं मुळें आंतल्या आंत गोल फिरलेलीं असतात. तीं लावतांना बोटांनीं सोडवून बाहेर पसरावीं, नाहीं तर तींच पुढें खोडाला विळखा घालतात.

या सर्वांसाठीं वर्षांतून दोन दिवस पुरे आहेत. श्रावणांत पाऊस थांबला असतां एकदां घराच्या भिंती, पन्हळी आणि आडाचा कांठ निरखून पाहावा व दोन पानांचीं रोपें निघतात तोंच काढावीं. आणि दिवाळीच्या झाडलोटींत सारें घर स्वच्छ करतांना, झाडाखालचा पाला मात्र गोळा करून जाळूं नये; तो आळ्यांत परत पसरावा.